एक माणूस, दोन खिडक्या

केंद्र सरकारच्या दोन मदतवाहिन्यांचे क्रमांक शेजारी शेजारी लिहून पाहा : १४४१६ आणि १४४४६. फरक एका आकड्याचा. पहिली ‘टेली-मानस’. ती मनाच्या आजारांसाठी आहे आणि आरोग्य मंत्रालयाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केली. दुसरी व्यसनमुक्तीची, सामाजिक न्याय मंत्रालयाची. रात्री दोन वाजता नवरा पिऊन आला आहे, तीन रात्री झोपलेला नाही, भिंतीकडे बघून कुणाशी तरी बोलतो आहे आणि मधेच ‘मला जगायचंच नाही’ म्हणतो आहे. अशा वेळी बायकोने यातला कुठला क्रमांक लावायचा? (जिवाला धोका दिसत असेल तर आधी ११२ किंवा जवळचं सरकारी रुग्णालय. १४४१६ वरही चोवीस तास कुणीतरी बोलतं. हे इथेच सांगून ठेवते.)

हा घोळ फोनपुरता नाही. जिल्ह्याच्या गावी सिव्हिल हॉस्पिटलात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते. व्यसनमुक्ती केंद्र गावाच्या दुसऱ्या टोकाला, बहुतेकदा एखाद्या संस्थेने चालवलेलं. ओपीडीत सांगतात, ‘आधी दारू सुटू द्या, मग बाकीचं बघू.’ केंद्रात सांगतात, ‘यांचं डोक्याचं औषध चालू आहे, आधी मानसोपचारतज्ज्ञांचं पत्र आणा.’ दोघंही आपापल्या जागी नियमाने वागत असतात. दोन खिडक्यांच्या मधल्या व्हरांड्यात पेशंटला घेऊन बसलेले नातेवाईक मात्र एक दिवस कंटाळून परत जातात.

असे किती असतील? दारू आणि मानसिक आजार यांची एकत्र मोजदाद आपल्याकडे फारशी झालेली नाही. वेगवेगळी झाली आहे. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यातल्या ५ कोटी ७० लाखांना तिच्यापायी मदतीची गरज आहे, आणि २ कोटी ९० लाख लोक तिच्यावर पुरते अवलंबून आहेत. या शेवटच्या गटातल्या ३८ जणांमागे एकाला काही ना काही उपचार मिळतात. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. (महाराष्ट्र त्या बारांत नव्हता.) त्यात वेगवेगळ्या मानसिक आजारांमध्ये उपचारांपासून दूर राहिलेल्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के निघालं, दारूच्या आजारात ८६ टक्के. दोन्ही आजार एकत्र पाहायचे तर अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीकडे जावं लागतं. वीस हजारांवर लोकांच्या मुलाखतींवर आधारलेला हा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. दारूचा आजार असलेल्या शंभरातल्या ३७ जणांना आयुष्यात कधी ना कधी दुसरा मानसिक आजारही झालेला होता. उलट बाजूने पाहिलं, तर स्किझोफ्रेनिया असलेल्यांपैकी ४७ टक्क्यांना आणि बायपोलर असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना दारूचं किंवा दुसऱ्या कशाचं तरी व्यसन होतं. दोन्ही आजार एकाच माणसात असणं हा अपवाद आहे, हे गृहीतकच या आकड्यांपुढे टिकत नाही. आपल्याकडच्या केंद्रांची रचना मात्र अजून त्याच गृहीतकावर उभी आहे.

एक माणूस डोळ्यांसमोर आणू. हे कुणा एकाचं चरित्र नाही. अशा घरांमधून पुन्हापुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र केल्या, तर जो माणूस उभा राहतो तो हा. चाळिशीच्या आतला, एमआयडीसीत फिटर, हाताने कुशल. वर्षातून एखाददुसऱ्यांदा त्याला ‘तेजी’ येते. चार तास झोप पुरते, बोलणं थांबत नाही, उधारीवर बुलेट येते, मेहुण्याबरोबर हॉटेल काढायचं ठरतं. त्या दिवसांत तो मित्रांना पाजतो आणि स्वतः खंबा संपवतो. मग दोन-तीन महिन्यांनी सगळं उलटं. अंथरुणातून उठवत नाही, कामावर खाडे पडतात, आणि सकाळी हात थरथरतात म्हणून ‘उतारा’ घ्यावा लागतो. गावाला दिसते ती क्वार्टर. भाऊ म्हणतो, हा बेवडा झाला. सासूबाई म्हणतात, लग्नाआधी कधी शिवला नव्हता. तीन वेळा व्यसनमुक्ती केंद्रात भरती होते. तिन्ही वेळा तो सुधारून बाहेर येतो, चार-पाच महिने काढतो आणि घसरतो. तिसऱ्या वेळी केंद्रातलेही म्हणू लागतात की याची इच्छाशक्तीच कमी आहे.

बायकोला एक गोष्ट ठाऊक असते. ती कुणी विचारलेली नसते. दारू वाढण्याआधी प्रत्येक वेळी ह्यांची झोप उडलेली असते. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत, थेंबही घेत नव्हते तेव्हा, हे आठ दिवस रात्रभर घर रंगवत बसले होते. एवढी एक आठवण तज्ज्ञापर्यंत पोचली, तर निदानाची दिशा बदलते. आधी काय आलं, दारू की झोप उडणं? दारू सुटलेल्या महिन्यांत मन कसं होतं? घरात आणखी कुणाला असं होत होतं का? चांगला मानसोपचारतज्ज्ञ कागदावर आडवी रेघ ओढतो, तिच्यावर वर्षं मांडतो, वर दारू लिहितो आणि खाली मनाची लक्षणं. या कागदाला यंत्र लागत नाही की रक्ततपासणी लागत नाही. लागतो तो वेळ, आणि घरातल्या माणसाला बोलू देण्याची तयारी. पाच मिनिटांत पेशंट उरकणाऱ्या ओपीडीत नेमकं तेच नसतं.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती सांगितली नाही तर हा लेख एकांगी होईल. दारू स्वतःच उदासी निर्माण करते. अमेरिकी संशोधक ब्राउन आणि शुकिट यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दारूसाठी भरती झालेल्या १९१ पुरुषांची तपासणी केली. सुरुवातीला त्यांच्यापैकी ४२ टक्क्यांना उपचार द्यावेत इतकं नैराश्य होतं. चौथ्या आठवड्यात, केवळ दारू बंद राहिल्याने, ते ६ टक्क्यांवर आलं. म्हणजे भरतीच्या दिवशीच नैराश्याचा शिक्का मारून गोळ्या सुरू केल्या, तर बऱ्याच जणांना नको असलेलं औषध मिळेल. पण याच आकड्यांवर बोट ठेवून ‘दारू सुटली की सगळं सुटतं’ असं म्हणणाऱ्यांना त्या उरलेल्या सहा टक्क्यांचं उत्तर द्यावं लागेल. त्यांचं नैराश्य दारूच्या मागे लपलेलं होतं. ते तसंच ठेवून घरी पाठवलं की पुढची घसरण ठरलेली. शिवाय तो अभ्यास मुख्य आजार दारूचाच असलेल्यांचा होता. ज्यांची आधीपासूनची लक्षणं घरच्यांना आठवतात, ज्यांनी पूर्वी जीव द्यायचा प्रयत्न केला आहे, ज्यांना दारू नसतानाही आवाज ऐकू येतात, त्यांना चार आठवडे थांबवणं हा गुन्हा आहे. माझं मत इतकं स्पष्ट आहे.

माणूस दारूकडे वळतो तो पुष्कळदा औषध म्हणून. चारचौघांत बोलताना ज्याची बोबडी वळते, त्याला दोन पेगनंतर बोलता येतं. ज्याच्या डोक्यात आवाज चालू असतात, त्याला रात्रीपुरता त्यांचा विसर पडतो. झोप न येणाऱ्याला झोप येते. एडवर्ड खँट्झियन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने १९८५ मध्ये ही कल्पना व्यवस्थित मांडली : व्यसनी माणूस मौजेच्या मागे लागलेला असतो असं नाही, तो पुष्कळदा आपल्या यातनेवर स्वतःच उपचार करत असतो. हे सगळ्यांना लागू पडत नाही. अनेकांच्या बाबतीत दारू आधी येते, आजार नंतर. पण जिथे लागू पडतं तिथे तिचा हिशेब क्रूर असतो. दारूने लागलेली झोप पहाटेच्या सुमारास मोडते. नशा उतरताना भीती आधीपेक्षा जास्त दाटते. मेंदू तिच्या शांतवण्याला सरावतो आणि ती नसली की उलट चेकाळतो. जी गोष्ट भीती घालवायला घेतली, तीच सकाळी भीती घेऊन येते, आणि ती घालवायला पुन्हा उतारा.

हा चेकाळलेला मेंदू किती धोकादायक असतो, हे आपल्या घरांना माहीत असायला हवं. कुणी संकष्टीला, कुणी श्रावण लागला म्हणून, कुणी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून एका दिवसात दारू सोडतो. घरात आनंद होतो. रोज भरपूर पिणाऱ्याला पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहीजणांची शुद्ध हरपते. अंगावर किडे चढल्यासारखं वाटतं, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, घामाने कपडे भिजतात. मग कुणी म्हणतं बाहेरचं झालं, कुणी म्हणतं वेड लागलं. देवऋषी बोलावला जातो, नाहीतर माणसाला खाटेला बांधून ठेवतात. ही वैद्यकीय आणीबाणी आहे. वेळेवर उपचार नसले तर माणूस दगावतो. उपचार असले, म्हणजे नीट मोजून दिलेली शामक औषधं, सलाइन आणि थायमिनचं इंजेक्शन, तर तो काही दिवसांत ताळ्यावर येतो. थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. कुपोषित पिणाऱ्याला ते आधी न देता नुसतं ग्लुकोज चढवलं, तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. कोर्साकोव्ह या रशियन डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्याचं वर्णन केलं, तो स्मृतिनाश असाच येतो. माणसाला सकाळचं जेवण आठवत नाही आणि रिकाम्या जागी तो न घडलेल्या गोष्टी भरून सांगतो. घरचे म्हणतात, आता खोटंही बोलायला लागला.

आणि संशय. यावर मराठीत फार कमी लिहिलं गेलं आहे, म्हणून इथे थांबते. वर्षानुवर्षं पिणाऱ्या काही पुरुषांच्या मनात बायकोविषयी पक्का भ्रम तयार होतो. दूधवाला, शेजारी, सख्खा दीर, कुणीही त्यात ओढला जातो. तिची पर्स तपासली जाते, फोन तपासला जातो, कामावर जाऊन पाळत ठेवली जाते. शेजारपाजारी याला ‘दारूच्या भरात बोलतो’ म्हणतात. पण तो शुद्धीवर असतानाही तेच बोलत असेल, पुरावा दाखवून पटत नसेल, तर तो भरातला संशय राहिलेला नाही. तो मनाचा आजार आहे आणि त्यात बायकोच्या जिवाला खरा धोका असतो. या बाईला ‘सहन कर, दारू सुटली की जाईल’ असं सांगणं म्हणजे तिला धोक्यात सोडणं आहे. तिला आधी सुरक्षित जागा हवी, नवऱ्याला मानसोपचारतज्ज्ञ हवा, आणि दोन्ही एकाच आठवड्यात.

आपल्याकडे या दोन आजारांना एका आवारात आणणारं एक काम झालं आहे, आणि ते पुण्यात झालं आहे. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दवर (ब्राउन शुगरवर) लिहिलेल्या लेखांनी पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. त्यांनी एक लाख रुपये दिले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. कारण ते उभं करणाऱ्या डॉ. अनिता (सुनंदा) अवचट त्याच रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. लोक आजही मुक्तांगण म्हटलं की मीटिंगा, गाणी, योगासनं आणि शेअरिंग आठवतात. ते सगळं खरंच आहे. पण त्याच्या मुळाशी मनाचे आजार रोज पाहणारी एक डॉक्टर होती, याकडे मला अधिक लक्ष वेधावंसं वाटतं. तिथे पेशंटच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे आणि व्यसनी स्त्रियांसाठी वेगळा विभाग. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ (आयपीएच) ही संस्था सुरू केली, तेही व्यसन आणि मन यांना एकत्र पाहणाऱ्या परंपरेतलेच. पण गावोगावच्या शेकडो केंद्रांनी या परंपरेतलं बाहेरून दिसणारं तेवढंच उचललं. सकाळची प्रार्थना आली, वेळापत्रक आलं, काही ठिकाणी कुलूप आणि मारहाणही आली. मानसोपचारतज्ज्ञ आला तर आठवड्यातून एकदा, सह्या करायला.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची गोष्टही या संदर्भात सांगायला हवी. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी ही चळवळ सुरू करणारे बिल विल्सन दारू सोडल्यावर पुढे कित्येक वर्षं गंभीर नैराश्याशी झगडत होते. लाखो लोकांना सोबर राहायला शिकवणारा माणूस स्वतः सोबर होता आणि तरीही आजारी होता. आपल्याकडच्या मीटिंगांमध्ये कधीकधी एखादा जुना सदस्य नव्याला सांगतो, ‘गोळ्या घेतोस म्हणजे अजून नशेतच आहेस, सोड त्या.’ संघटनेचं म्हणणं तसं नाही. सभासदांनी एकमेकांचे डॉक्टर होऊ नये, हे तिच्या स्वतःच्या पुस्तिकेत स्पष्ट आहे. लिथियम सोडलेला बायपोलर पेशंट आणि औषध सोडलेला स्किझोफ्रेनियाचा पेशंट यांचं काय होतं, हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांनी ती पुस्तिका प्रत्येक मीटिंगच्या टेबलावर ठेवावी.

उलट काही औषधांबाबतही सावध राहावं लागतं. डायसल्फिरामची गोळी घेतल्यावर माणूस प्यायला, तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब पडतो. भीती बसावी म्हणून ती दिली जाते. माहीत असून, तपासण्या करून, घरच्यांच्या देखरेखीत घेणाऱ्या कित्येकांना तिने तारलं आहे. पण ज्याला भ्रम किंवा भास होतात, त्याची लक्षणं ती भडकवू शकते. एसटी स्टँडच्या भिंतींवर आणि लोकलच्या डब्यांत ‘पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती चिकटवलेल्या असतात. त्या पुडीत काय असतं ते घेणाऱ्याला माहीत नसतं. डायसल्फिरामसारखं काही असेल आणि माणूस हृदयविकाराचा असेल, तर भाजीत कालवलेली ती पुडी जीव घेऊ शकते. झोपेच्या गोळ्यांचंही तसंच. दारूबरोबर त्या श्वास मंदावतात, आणि दारू सुटल्यावर त्यांचीच सवय लागते. नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट यांसारखी दारूची ओढ कमी करणारी औषधं आज भारतात मिळतात. मनाच्या औषधांबरोबर, यकृत आणि मूत्रपिंड तपासून, ती देता येतात. ‘आधी हे, मग ते’ ही पायरी मोडून दोन्ही उपचार एकाच चमूने एकाच वेळी करायचे, ही पद्धत अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये रॉबर्ट ड्रेक आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात रुजवली. तिच्यात महागडं काही नाही. एकच फाइल, एकच केसवर्कर, घसरला तरी दार बंद न करणं, आणि महिन्यांत मोजण्याऐवजी वर्षांत मोजायची तयारी.

एका माणसाला एकाच खिडकीवर उभं करण्याची सवय मृत्यूच्या नोंदीतही दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा २०२२ चा अहवाल उघडला, तर देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद दिसते. सर्वाधिक, २२,७४६, महाराष्ट्रात. कारणांच्या तक्त्यात ‘कौटुंबिक समस्या’ ३१.७ टक्के, ‘आजारपण’ १८.४ टक्के, ‘व्यसन’ ६.८ टक्के. मानसिक आजार यातल्या आजारपणाच्या रकान्यात जातो. एका मृत्यूला एकच रकाना. घरात भांडणं होती, तो पीत होता आणि सहा महिने खिन्न होता, अशा माणसाचा पंचनामा करताना हवालदार जो रकाना भरेल, तोच देशाच्या धोरणापर्यंत पोचतो.

विदर्भात हे रकाने एकत्र पाहण्याचा वेगळा प्रयत्न झाला. ‘विश्राम’ या नावाने अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत नैराश्य आणि दारू दोन्हींना धरून काम झालं. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन विचारपूस केली, समुपदेशकाशी आणि गरज असेल तिथे मानसोपचारतज्ज्ञाशी गाठ घालून दिली. अठरा महिन्यांत नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. गोव्यात ‘संगथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण नीट शिकवलेल्या समुपदेशकांकरवी, दारूसाठी आणि नैराश्यासाठी बोलण्याचे उपचार तपासून पाहिले. धोकादायक रीतीने पिणाऱ्या पुरुषांपैकी समुपदेशन मिळालेले ३६ टक्के तीन महिन्यांनी त्या पातळीखाली आले. नुसती नेहमीची सेवा मिळालेले २६ टक्के. फरक छोटा वाटेल. पण तो जेमतेम एक ते चार बैठकींत, आरोग्य केंद्राच्या एका खोलीत पडलेला आहे. आपल्या आशाताई बाळंतिणीचं, लसीचं, क्षयरोगाचं विचारतात. झोप लागते का आणि घरात किती प्यायली जाते, हे दोन प्रश्न त्या एकाच भेटीत विचारू शकतात.

कायदा या बाबतीत आपल्या पुढे आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था घातल्या आहेत. म्हणजे अशा पेशंटांना ठेवून घेणाऱ्या व्यसनमुक्ती केंद्रांना मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणी लागते, आणि कुलूप व मारहाण बेकायदा ठरते. त्याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठीही शारीरिक आजारांसारखंच संरक्षण द्यायला सांगितलं. मग विमा नियामकाने ठरवून दिलेल्या वगळण्यांच्या यादीतलं बारावं कलम पाहावं. दारू, अमली पदार्थ किंवा कुठलंही व्यसन आणि त्याचे परिणाम यांवरचे उपचार वगळण्याची मुभा ते कंपन्यांना देतं.

त्याचा परिणाम डिस्चार्जच्या टेबलावर दिसतो. घरचे डॉक्टरांच्या पाया पडून विनंती करतात, ‘कागदावर दारूचं लिहू नका, क्लेम जाईल.’ काही डॉक्टर दयेपोटी नुसतं नैराश्य लिहितात. सहा महिन्यांनी तोच माणूस दुसऱ्या गावच्या तातडीच्या विभागात थरथरत पोचतो, तेव्हा ड्यूटीवरच्या डॉक्टर मुलीच्या हातात जो कागद असतो त्यावर दारूचा उल्लेखच नसतो, आणि थायमिनचं इंजेक्शन तिच्या मनातही येत नाही. तिने विचारावं आणि घरच्यांनी सांगावं, हे झालंच पाहिजे. पण त्या कागदावर दोन्ही आजार लिहिता यायचे, तर आधी ते बारावं कलम जायला हवं. ते कायद्याने आलेलं नाही, नियामकाच्या परिपत्रकाने आलं आहे. ते काढायला संसदेत जावं लागत नाही.